मानवेलचं विमान आणि मानवेलचं स्थळ

असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. इपॉक्सी गोंदाच्या डागासारखे ते आपोआप चिकटतात. पँट फेकून दिली तरी बायको चारचौघांत सांगतेच, "यांची ती पँट होती ना..." आमचं रिमोटवर उडणारं मोठं मॉडेल विमान तयार होईपर्यंत असे इतके किस्से साठले, की आता वसईच्या बाजारात मी मान खाली घालूनच भाजी घेतो. हसा तुम्ही. तुमचं काय जातंय!

आम्ही तिघं. मी आचोळ्याचा, नोकरी अकाउंट्सची. विरारचे तांबे काका, रिटायर्ड, कान अर्धे आणि जीभ पूर्ण. आणि गिरीजचा मानवेल. घरची केळीची वाडी, स्वभावाने देवमाणूस, पण चाळिशी जवळ आली तरी बिनलग्नाचा. विमान बॅटरीवर चालणारं, पंख माणसाच्या उंचीहून लांब. आत फोम, वर कार्बनचं कापड, आणि ते घट्ट बसवायला इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून होणारा कडक गोंद.

*

सुरुवात माझ्या किचनमध्ये झाली. इपॉक्सी थोडं थोडं कालवायचं असतं, जास्त कालवलं की ते स्वतःच तापतं. आम्ही मगभर कालवलं! अख्खा मग तापला, धुमसला आणि सगळ्या मजल्यांवर धूर.

सेक्रेटरी खालून ओरडले, "धूर कुठल्या विंगमध्ये आहे?"

काकांनी गॅलरीतून ठणकावून सांगितलं, "लेफ्ट विंग! राइट विंगला उद्या हात लावणार!"

आमच्या सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंग आहेत. दोन्ही रिकाम्या झाल्या. लोक पोराबाळांना घेऊन खाली उभे आणि मी त्यांच्यासमोर धूर येणारा मग हातात धरून. त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये कुणी असलं की जिन्याने जातो.

*

मग बिऱ्हाड गिरीजला, मानवेलच्या वाडीतल्या शेडमध्ये हललं. तिथे आम्ही कुणाच्या अध्यातमध्यात न येता दोन पंख बनवले. काय फिनिशिंग, काय चकाकी! काका तर पंखात बघून भांग पाडत होते. आणि जोडायला घेतले तर दोन्ही पंख डावे.

एकच साचा दोनदा वापरला होता. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही चहा न पिता बसून राहिलो. एक पंख उलटा लावता येईल का, यावर काकांनी गंभीरपणे विचारही केला.

मानवेलची आई केळफूल सोलत बसली होती. ती म्हणाली, "लग्नाच्या जेवणाला चपलांचं असंच होतं बाबांनो. कुणीतरी तुमचे दोन उजवे घालून गेलं असणार!"

*

लग्नावरून आठवलं. मानवेलला स्थळ मीच आणलं होतं. माझ्या बायकोच्या शाळेत रोझलिन नावाची टीचर आहे. हुशार, कमी बोलणारी, आणि बोलली की नेमकं बोलणारी. मानवेलला फोटो बघूनच ती इतकी आवडली की तो आठवडाभर सँडपेपर उलटा धरून घासत होता. "हे जमलं नाही ना, तर मी पुन्हा कुणाला बघायला जाणार नाही," असं त्याने मला सांगून टाकलं. म्हणजे जबाबदारी माझ्या गळ्यात!

भेट ठरली वसईतल्या एका हॉटेलात. त्याच सकाळी मोटर बसवायचा माउंट चिकटवताना मानवेलचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटलं. सुटेना. तसाच आला. आता डोळ्यांसमोर आणा, अंगठा आणि बोट गोल जुळलेलं, बाकी बोटं वर. रोझलिन जे बोलेल त्याला याची "एकदम फर्स्ट क्लास!" अशी खूण.

ती म्हणाली, "माझे बाबा जरा कडक आहेत." याचा हात वर, फर्स्ट क्लास!

शेवटी तिने हळूच विचारलं, "चहा खरंच एवढा आवडला का?"

शेजारच्या टेबलावर बसून मी मेनूकार्डात तोंड लपवलं. माझ्या बायकोने टेबलाखालून मला चिमटा काढला तो वेगळाच.

*

तरी रोझलिनने नाही म्हटलं नाही. पण तिच्या बाबांना घर बघायचं होतं आणि ते न सांगता आले.

त्या दिवशी विमानाच्या धडाचा साचा ओट्यावर ठेवला होता. लांबट, काळा, दोन बाकड्यांवर. धूळ बसू नये म्हणून वर पांढरी चादर. साच्याला मेण लावावं लागतं, नाहीतर माल सुटत नाही. विकतचं मेण संपलं म्हणून काकांनी मेणबत्त्या आणल्या होत्या आणि त्या वितळवायला दोन्ही बाजूंना पेटवून ठेवल्या होत्या.

बाबांनी फाटकातून हे बघितलं. चपला काढल्या, टोपी काढली, गुडघे टेकले आणि खिशातून रोझरीची माळ काढून मनापासून प्रार्थना केली. मानवेल आणि मी आतून बाहेर येऊन बघतच राहिलो. मृताला शांती मिळो म्हणून प्रार्थना चालू आहे, मध्येच कसं थांबवणार? मीही हात जोडले!

प्रार्थना झाल्यावर ते काकांना म्हणाले, "फार वाईट झालं. कोण आहे?"

काका चादरीत डोकं घालून मेण घासत होते. म्हणाले, "अजून रिकामंच आहे. रविवारी भरणार!"

बाबा पाणीही न पिता गेले. संध्याकाळी निरोप आला, "तूर्तास थांबू या." मानवेल शेडमध्ये जाऊन नुसता बसला. मला माझीच इतकी लाज वाटली की बरेच दिवस मी गिरीजला गेलो नाही. बायको तर माझ्याशी भाजीपुरतंच बोलत होती.

*

विमान एकदाचं तयार झालं, नव्या उजव्या पंखासकट, तेव्हा मध्ये पडली रोझलिनच. "एकदा उडताना बघते, मग काय ते सांगते," म्हणाली आणि बाबांनाही घेऊन आली. अर्नाळ्याच्या अलीकडे कापणी झालेलं मोकळं शेत होतं. मानवेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

विमान उडालं हो! काय सुंदर उठलं! एक वळण घेतलं, बाबांच्या तोंडून "अरे वा" निघालं, आणि लांब गेल्यावर विमानाने ऐकणंच बंद केलं.

कार्बनच्या आतून रेडिओचा सिग्नल धड जात नाही, अँटेना बाहेर काढावी लागते. आम्हा तिघांनाही हे माहीत होतं. दुसऱ्याने काढली असेल, असं तिघांनाही वाटलं होतं. सिग्नल तुटल्यावर मोटर बंद पडली, पण आम्ही ते इतकं हलकं बनवलं होतं की ते खाली यायला तयारच नाही! तरंगत तरंगत माडांवरून समुद्राकडे गेलं.

काका जमिनीकडे बघत होते. मी बुटाची लेस बांधत होतो, सँडल घातलेली असून. बाबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि गाडीची चावी काढली. मानवेल तेवढा रिमोट घट्ट धरून, रिकाम्या आभाळाकडे बघत दोन्ही अंगठ्यांनी काड्या ओढतच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हरवलं तर सापडावं म्हणून पंखावर त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. तो काही रिमोट सोडेना. रोझलिन पुढे झाली, त्याच्या खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर टाकला.

"हॅलो! तुमचं इमान आमच्या सुकत घातलेल्या बोंबलांवर पडलंय! कोनाला लागलं नाय, पन बोंबलांचा पार चेंदा झालाय. मालक कुठंय?"

"अजून विमान उडवतायत," रोझलिन म्हणाली.

"आँ? मग तू कोन गं?"

रोझलिनने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा मानवेलकडे.

"होणारी बायको. बोंबील टाकू नका, आम्ही न्यायला येतोय."