ताईच्या टेबलावरचे फॉर्म

घरातलं माणूस गेलं की फॉर्मवर घरात किती माणसं लिहायची? त्याला धरून, की सोडून? अपार्टमेंटच्या ऑफिसात विचारलं, बँकेत विचारलं. दोन्हीकडे म्हणाले, सॉरी फॉर युअर लॉस. उत्तर कुणी दिलं नाही.

ताई असती तर तिने सांगितलं असतं. तिचं कामच ते. मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात नेटिव्ह अमेरिकन मुलांना समोर बसवून गरजूंच्या ग्रँटचे फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्म अडला की पुढच्या टर्मला पोरगं घरी परत. आम्ही दोघं ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात राहायचो. बर्फात ड्राइव्ह करायला ती घाबरायची, म्हणून ग्रोसरीच्या दुकानातली ड्यूटी संपली की मी तिला घ्यायला जायचो आणि तिचं आटपेपर्यंत तिथेच बसायचो. तीन वर्षं बसलो. किस्से कोण लिहून ठेवतं? ते कोटावरच्या बर्फासारखे चिकटतात. घरात आल्यावर कळतं किती होते ते.

*

मार्विन पहिल्यांदा आला तेव्हा त्याने तंबाखूची पुडी टेबलावर ठेवली. ताई गडबडली. म्हणाली, अरे, इथे स्मोकिंग बॅन आहे. तो हसला. त्यांच्यात मोठ्या माणसाकडे काही मागायचं असलं की आधी तंबाखू द्यायची असते.

"म्हणजे मी म्हातारी दिसते?" ताईने विचारलं. वय एकतीस.

"नाही आँटी," मार्विन म्हणाला. "पण फॉर्म फार मोठा आहे."

तेव्हापासून ती सगळ्यांचीच आँटी.

*

जॉय नावाच्या मुलीने 'घरातली माणसं' या रकान्यात चौदा लिहिलं. मेन ऑफिसने फॉर्म परत पाठवला. ताईने यादी केली: आजी, मावशी, मावशीची मुलं, फक्त हिवाळ्यात येणारा एक काका... भरली चौदा. मग फोनवर भांडली. तिकडचा माणूस म्हणाला, एका घरात चौदा जण कसे राहतील?

"नागपूरला आमच्या रेशनकार्डावर अकरा होते," ताई म्हणाली. "आणि बाथरूम एक."

फॉर्म पास झाला.

*

'तुमची अडचण सांगा' असा एक निबंध असतो. मार्विनने लिहिलं, गाडी चालू आहे, आजी बरी आहे. संपलं. ताई वैतागली. गाडीला हीटर नाही, कितीदा एकवेळच जेवतोस, हे लिही की.

"आँटी, अनोळखी माणसाला असलं कोण सांगतं? तुमच्यात सांगतात?"

ताईने फॉर्म बाजूला ठेवला. परत येताना गाडीत म्हणाली, माझ्या फीमाफीचा अर्ज आईने फाडून टाकला होता, लोक काय म्हणतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने मार्विनकडून एकच वाक्य वाढवून घेतलं. गाडीला हीटर नाही.

*

ताई मंगळवारी सकाळी गेली. मेंदूत रक्तस्राव. ऑफिसला निघताना, बूट घालता घालता.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मी तिचं सामान आणायला गेलो. दाराशी जॉय बसली होती, मांडीवर फॉर्म. सगळा भरलेला, फक्त ताईची सही राहिलेली. शेवटची मुदत त्याच दिवशी पाच वाजता. ताईच्या जागी नवीन बाई पुढच्या महिन्यात येणार होती, आणि मेन ऑफिस म्हणत होतं, पुढच्या वर्षी अप्लाय कर. म्हणजे जॉयचं कॉलेज सुटलं. हे तिने खाली बघत सांगितलं. मागितलं काहीच नाही.

ताई सही मराठीत करायची. त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये ती कुणाला वाचता यायची नाही, करणं तर लांबच. मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. मग इथे आलो, आणि हायस्कूलही अर्ध्यावर सोडलं. पण तेवढं येतं.

"यू विल गेट इन ट्रबल," जॉय म्हणाली.

मी ताईच्या खुर्चीत बसलो. रेषेवर ताईचं नाव लिहिलं. तारीख टाकली, ताई गेली त्या मंगळवारच्या आदल्या सोमवारची. सोमवारी ती होती.