पुढच्या सीटवरची इंदुताई

हातमोजे ती दातांनी ओढून काढायची. चहा बशीत ओतायची, पण भुरके मारायची नाही. जर्सीच्या मागच्या खिशात गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, ठेवायची आणि सायकलवरून उतरेपर्यंत तिचा भुगा झालेला असायचा. तो भुगाच ती सईच्या तळहातावर ओतायची. ‘खड्डा’ म्हणताना तिचा आवाज खाली जायचा, ‘चढ’ म्हणताना वर. थंडीत छातीला कापूर घातलेलं तेल चोळायची, त्यामुळे ती आली की नाकाला आधी कळायचं. कुणाशीही बोलत उभी असली तरी दोन बोटं सईच्या कोपराला टेकलेली असायची. शर्यत सुटायच्या आधी ती जोरात नाक शिंकरायची, शेजारच्यांची पर्वा न करता. आणि ‘काही नाही’ असं उत्तर तिने सईला कधी दिलं नव्हतं.

सईला जन्मापासून दिसत नाही. ती साहित्यात एम. ए. झाली, मग भोपाळमध्ये अरेरा कॉलनीतल्या एका बँकेत लागली. इंदुमती घटाटे गोविंदपुऱ्यात, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. वयाने सईपेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. तिचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. कचेरी इथली झाली, घर इथलं झालं, पण बोलण्यात नागपूर राहून गेलं.

दोघींची गाठ पडली ती तरणतलावात. म्हणजे सई तिच्यावर आदळलीच.

‘‘अगं, बघून पोह नं!’’ ती ओरडली. मग तिच्या लक्षात आलं. आता ही माफी मागणार, हळहळणार, म्हणून सई अंग चोरून उभी राहिली. तसं काही झालं नाही.

‘‘बरं,’’ इंदुताई म्हणाली. ‘‘मग बघायचं काम माझं. तू नुसती पोह.’’

पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात करायच्या शर्यतीत इंदुताई चाळिशीनंतर उतरू लागली होती. नंबर कधी आला नाही. एकटीने करून कंटाळा आला होता, असं ती म्हणायची. दिसत नसलेल्या माणसाला अशा शर्यतीत जोडीदार घेता येतो, हे तिनेच शोधून काढलं. पाण्यात दोघींच्या मांड्यांना एक लवचीक पट्टा. धावताना मनगटांना दोरी. आणि मधे सायकल, दोन सीटची. ती गोविंदपुऱ्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये दोन जुन्या सायकली कापून, जोडून तयार झाली. पुढे इंदुताई, मागे सई.

पहिल्या दिवशी तिने नियम सांगितला.

‘‘मला जे दिसेल ते मी सांगणार. चांगलं, वाईट, सगळं. समोर काही असलं तर काही नाही असं म्हणणार नाही. आणि दर वेळी खरं का, खरं का, असं तू विचारत बसायचं नाही. जमते का?’’

‘‘जमते,’’ सई म्हणाली.

त्यानंतर भोपाळ तिला त्या आवाजातून मिळालं. कोलार रोडवरून निघालं की पंक्चरवाल्याचं दुकान, त्याच्यापुढे बसलेला एका कानाचा कुत्रा. पुढे शाळेच्या भिंतीवर रंगवलेला भारताचा नकाशा, त्यात श्रीलंका राहून गेलेली. शेवटी धरण, त्याच्या पाण्यात उभं वाळलेलं झाड आणि त्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. ‘‘वाळत घातलेल्या छत्र्या जशा,’’ ती म्हणायची. सायकलचा रंग जांभळा. ‘‘वांग्यासारखा नाही हं. जांभळासारखा.’’

हिवाळ्यात धरणाच्या रस्त्याला वाघ फिरतो. पहाटे फिरायला येणाऱ्यांना वनखात्याची माणसं हटकतात.

‘‘वाघ आला तर?’’ सईने एकदा विचारलं.

‘‘तर आधी मला खाईल. मी पुढे बसते. तू ब्रेक लाव आणि सावकाश उतर.’’

‘‘ब्रेक तुझ्याकडे आहे, ताई.’’

‘‘मग गेलीस तूही.’’

गेल्या वर्षी जानेवारीत दोघी तलावाकाठच्या शर्यतीत उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी आल्या. इतक्या शेवटी, की मंडपाचे खांब उपटले जात होते. सईला लोखंडाचे आवाज ऐकू आले. मग इंदुताईचा आवाज.

‘‘ओ भैया, ती शेवटची फीत परत बांधा. आम्ही अजून आलो नाही.’’

‘‘आंटी, सब जा चुके.’’

‘‘आम्ही कुठे गेलो? बांधा, बांधा.’’

त्याने बांधली. फीत सईच्या गळ्याला लागली. घरी आल्यावर सई आईला म्हणाली, पुढच्या वर्षी फीत आपणहून बांधलेली असली पाहिजे. तिला एवढंच हवं होतं. पण ते फार हवं होतं.

दोन सीटच्या सायकलची पुढची आणि मागची पेडलं एका साखळीने जोडलेली असतात. एक फिरलं की दुसरं फिरतंच. त्यामुळे पुढच्या माणसाने किती जोर लावला ते मागच्याच्या तळव्याला कळतं. इंदुताईचा जोर सईला पाठ होता. सपाटीवर एकसारखा, चढावर उजव्या पायात थोडा जास्त.

नोव्हेंबरच्या शेवटी चढावरचा तो जोर नाहीसा झाला.

आधी सईला वाटलं, साखळी ढिली असेल. मग वाटलं, थंडी आहे. पण रोज तेच. चढ लागला की पुढून काही येईनासं व्हायचं आणि सगळी सायकल सईच्या पायांवर यायची. वर पोचल्यावर इंदुताई बोलायची नाही. श्वास मोजून घ्यायची. मग एकदम खूप बोलायची.

‘‘ताई, तू पाय मारत नाहीस.’’

‘‘घे! आता ही मला कामचोर म्हणून राहिली.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘तिशीत तू आहेस का मी? पाय आखडतात थंडीने.’’

त्याच सुमारास ती मानसीला आणू लागली. मानसी तिच्या नवऱ्याची भाची. कॉलेजात शिकणारी, बुटकी, पाण्यात मासळी आणि तोंडाची टकळी. ‘‘बघून राहू दे तिला,’’ इंदुताई म्हणाली. ‘‘शिकली तर बरंच.’’ एका रविवारी मानसी सईला धरून धावली.

‘‘दीदी, गड्ढा!’’

सईचा पाय आधीच खड्ड्यात गेला होता.

‘‘मानसी,’’ मागून इंदुताई म्हणाली, ‘‘खड्डा येण्याआधी सांगतात. नंतर त्याला बातमी म्हणतात.’’

तिघी हसल्या. पण इंदुताई मागे होती, हे सईच्या लक्षात राहिलं. ती कधी मागे नसायची.

डिसेंबरात एके सकाळी धरणाच्या चढावर सायकल थांबली. इंदुताईनेच थांबवली. तिने उतरताना सईच्या खांद्याला धरलं. आजवर सईने तिला धरलं होतं. तिने सईला असं कधी धरलं नव्हतं. तिचा हात जड होता आणि थंड.

‘‘डॉक्टरकडे जा,’’ सई म्हणाली.

‘‘शर्यत होऊ दे.’’

‘‘आधी जा. तोवर मी या सायकलवर बसणार नाही.’’

‘‘धमकी देऊन राहिली?’’

‘‘हो.’’

इंदुताई हसली. पण सई खरोखरच सायकलवर गेली नाही. दोन दिवस फोन आले, तिने एकच उत्तर दिलं. आई म्हणाली, एवढं कशाला ताणायचं? तिला स्वतःचं कळत नाही का? सईने ताणलं. शर्यत हातची गेली तरी चालेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

आठवडा संपता संपता इंदुताई बँकेत आली. दुपारची वेळ होती. कापराचा वास काउंटरपर्यंत आधी आला.

‘‘जाऊन आले. फिरत्या पट्ट्यावर चालवलं त्यांनी मला. तारा काय चिकटवल्या, काय काय.’’

‘‘आणि?’’

‘‘काही नाही.’’

सईला इतकं हलकं वाटलं, की तिने काउंटरपलीकडे हात लांब करून तिचे गाल ओढले. रांगेतलं कुणीतरी हसलं. खरं का, असं तिने विचारलं नाही. विचारायचं नाही असंच ठरलं होतं. आणि फीत होती. जानेवारी जवळ आला होता.

त्यानंतर त्या पाण्यात गेल्या, सपाटीवर सायकल चालवली. चढाचा रस्ता इंदुताईने टाळला. ‘‘वाघ आहे म्हणतात तिकडे.’’ संक्रांतीला तिने सईच्या हातावर तिळाच्या वड्या ठेवल्या आणि गोड बोल म्हणाली.

शर्यत तोंडावर आली असताना, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, जेवणाच्या सुट्टीनंतर, इंदुमती घटाटे खुर्चीत बसल्या बसल्या गेली. कुणीतरी बेअरिंगचा खोका मागायला आलं होतं. त्याला वाटलं, बाईंचा डोळा लागला.

सई इंदुताईच्या घरी गेली तेव्हा तिला नेऊन झालं होतं. बायका रडत होत्या. कापराचा वास येत होता, पण तो दुसरा कापूर होता.

तिसऱ्या दिवशी इंदुताईच्या फोनवर दवाखान्यातून फोन आला. तो तिच्या नवऱ्याने, नितीनने, स्पीकरवर घेतला. सई त्याला जीजाजी म्हणते. सई तेव्हा शेजारीच बसली होती.

‘‘मॅडमनी अँजिओग्राफीसाठी पुढची तारीख घेतली होती. येणार आहेत ना?’’

ती गेली, असं नितीनने सांगितलं. मग त्याने सगळं विचारून घेतलं. पट्ट्यावरची तपासणी वाईट आली होती. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं होतं. तिने शर्यतीनंतरची तारीख मागितली होती.

‘‘मला म्हणाली, गॅस आहे,’’ नितीन म्हणाला. ‘‘तुला?’’

‘‘मला म्हणाली, काही नाही.’’

ती रात्र कशीबशी सरली. सकाळी सईला पहिली आठवण झाली ती पाणकावळ्यांची.

ते होते का?

मग एकामागून एक सगळं हलायला लागलं. कुत्रा. नकाशा. श्रीलंका. सायकलचा रंग. गेल्या वर्षीची फीत तरी होती का, की कुठली तरी दोरी? सईचं निम्मं शहर त्या एका तोंडून आलेलं होतं. ज्या तोंडाने एकदा खोटं सांगितलं, त्याने आधी किती वेळा सांगितलं असेल? बँकेच्या पायऱ्या उतरताना कानात इंदुताईचा आवाज यायचा, ‘शेवटची,’ आणि सई पाय अधांतरी धरून उभी राहायची. पायरी शेवटचीच असायची. तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

रविवारी तिने मानसीला बोलावलं.

‘‘मला कोलार रोडवरून धरणापर्यंत ने. ऑटोने. आणि जे दिसेल ते सांग.’’

‘‘क्या देखना है, दीदी?’’

‘‘ते मी सांगणार नाही. तू सांग.’’

मानसी त्या दिवशी वायफळ बोलली नाही. डावीकडे पंक्चरवाला. कुत्रा आहे. ‘‘अरे, याला एकच कान आहे.’’ पुढे शाळा. भिंतीवर नकाशा, रंग उडालेला.

‘‘खाली काय आहे? नकाशाच्या खाली?’’

‘‘काही नाही. समुद्र.’’

‘‘श्रीलंका?’’

‘‘नाहीये. विसरले वाटतं.’’

धरणाशी ऑटो थांबला. वारा होता. मानसी म्हणाली, पाण्यात एक झाड आहे, मेलेलं. त्यावर काळे पक्षी. पंख उघडून बसलेत, सुकवत असतील.

सई धरणाच्या कठड्यावर बसली. एखादी तरी गोष्ट खोटी निघायला हवी होती. एक जरी निघाली असती, तर बँकेतलं ते बोलणं तिच्यात मिसळून गेलं असतं. आता ते एकटंच उरलं होतं. इंदुताईने तिला इतक्या वर्षांत सगळं खरं सांगितलं आणि फक्त स्वतःबद्दल खोटं.

‘‘दीदी, रडू नको ना,’’ मानसी म्हणाली.

‘‘रडत नाहीये. मानसी, ती तुला काही बोलली होती? शर्यतीबद्दल?’’

‘‘नाही गं. फक्त म्हणायची, आवाज मोठा कर. वाऱ्यात मागे ऐकू जात नाही.’’

परत येताना दोघी इंदुताईच्या घरी उतरल्या. सायकल मागच्या अंगणात आहे, नितीन म्हणाला, तिचं काय करायचं ते सईनेच सांगावं. त्याने सईला तिथपर्यंत नेलं. कोपर धरायच्या ऐवजी तो तिचा दंड धरून ओढत होता, पण तिने काही म्हटलं नाही.

सायकल भिंतीला टेकवलेली होती. सईने मागच्या हँडलवर हात ठेवला आणि सवयीने बोटं पुढे गेली. पुढची सीट तिथे नव्हती. ती बरीच खाली होती. तिने पुन्हा चाचपलं. दांडा आत ढकलून बोल्ट नव्याने आवळलेला होता. इंदुताई उंच होती. एवढ्या खाली बसून तिला पाय मारता आले नसते.

‘‘हे कुणी केलं?’’

‘‘तिनेच,’’ नितीन म्हणाला. ‘‘गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी इथे बसली होती पाना घेऊन. मी म्हटलं, मी करतो. तर म्हणाली, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तुम्हाला जमायचं नाही. मग कुकरची शिट्टी झाली आणि उठली.’’

सई खाली बसली. इंदुताईच्या पेडलांत बूट अडकायचे. तिचे तसे खास बूट होते. मानसीकडे साधेच बूट होते. पुढचं उजवं पेडल आता रुंद होतं, सपाट, नवं. रबराला अजून कारखान्याचा वास होता.

डाव्या बाजूला जुनंच होतं. पाना त्याच्या मुळाशी अडकवून ठेवलेला होता. सईने अंगठ्याने चाचपलं. पेडल दोन आटे सुटलं होतं. बाकीचे आत होते.