प्रेमला गोलातून काढलं तेव्हा

भास्कर नारखेडे मलकापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तरुणपणी ते फुटबॉल खेळले होते, तेवढ्या भांडवलावर नऊ वर्षं कॉलेजची टीम त्यांनीच सांभाळली. यंदा पहिले तीन सामने हरले, चौथा कसाबसा जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी नव्या प्रशिक्षक आणल्या. संजीवनी इंगळे रीतसर शिकून आल्या होत्या.

त्यांनी आठवडाभरात गोलकीपर प्रेमला पुढच्या फळीत खेळायला लावलं. भास्कररावांना ते पटलं नाही, पण त्यांना विचारतं कोण? पाचव्या सामन्यात प्रेमने दोन गोल केले आणि टीम जिंकली. पोरं सवयीने भास्कररावांकडेच धावली. त्यांनी हाताने संजीवनीबाईंकडे दाखवलं, तशी पोरं गोंधळून मध्येच थांबली.

संजीवनीबाई स्वतःच जवळ आल्या. "काका, तीन वर्षं तुम्ही या प्रेमले गोलात काऊन उभं केलं?" बोलण्यात टोमणा नव्हता.

भास्कररावांनी आठवून पाहिलं. "पहिल्या दिवशी गोलात उभं राह्याले कोणीच तयार नव्हतं. हा राह्यला. मंग मी कधी बदललंच नाही."

"उद्या या बरं. नव्या गोलकीपरले तुम्हीच शिकवा."

"हाव, येतो."

घरी बायकोने, आशाबाईंनी विचारलं, "जिंकले का?"

"पोरं जिंकले," ते म्हणाले. आपलं काय झालं, ते त्यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर मैदानात पोचले. शिट्टी गळ्यात घालावी की नाही ते ठरेना, म्हणून ती खिशातच राहिली.