सातच्या सुट्टीतली पंगत

चाळिशी उलटल्यावर मी विद्यापीठात ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकायला गेले, ते काही हौसेनं नव्हे. चितेगावच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला होते. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा, कोणती गाडी आधी सोडायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बघता बघता माझ्या डोक्यावर येऊन बसायची. त्यांच्याकडे पदवी होती, माझ्याकडे नव्हती. शेवटी चिडून मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.

चीड पहिल्या सहामाहीतच संपली, थकवा राहिला. कंपनीची बस महावीर चौकात सोडायची, तिथून शेअर रिक्षानं विद्यापीठ. वर्ग सुटला की पुन्हा रिक्षा, छावणीत उतरून दुसरी, आणि मग पडेगावचं घर. सर फळ्यावर मालासाठी सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधायचा ते शिकवायचे आणि मी चपला काढून बाकाखाली टाचा चोळत बसायचे. माझ्यासारखं सगळ्या शहराला वळसा घालणारं पार्सल त्यांच्या एकाही गणितात नव्हतं.

घरी संध्याकाळी सासूबाई एकट्याच असायच्या. नवरा दुसऱ्या पाळीला, मुलगी पुण्यात शिकायला. सासूबाईंना शुगर होती आणि संध्याकाळची गोळी घेतली की लगेच जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माझ्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. त्यांचा सगळा संसार दौलताबादला शेतावर झालेला. तिथं पुरुषांची जेवणं झाली की घरातल्या बायका एकत्र बसायच्या, आणि एखादी शेतात अडकली असेल तर ती येईपर्यंत बाकीच्या ताटाला हात लावायच्या नाहीत. मग ती थोरली जाऊ असो की नवी सून. ही रीत त्या पडेगावच्या दोन खोल्यांतही घेऊन आल्या. घरात बायका दोनच उरल्या होत्या, तरी रीत तीच.

मी वर्गाबाहेर येऊन फोन करायचे. "जेवलात का?"

"व्हय, जेवले की."

मी निश्चिंत होऊन आत जायचे. पुढं कळलं, की फोन वाजला की त्या भाकरीचा एक तुकडा तोंडात टाकायच्या आणि मगच फोन उचलायच्या. खोटं बोलल्याचं पाप नको म्हणून!

एका संध्याकाळी सर रांगेचा धडा शिकवत होते. माल थांबतो, गाडी थांबते, माणूस थांबतं, तर त्या थांबण्याचा भार कुणावर पडतो, असं त्यांनी विचारलं. कंपनीवर, असं कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, कागदावर कंपनीवर; खरं म्हणजे जो थांबलाय त्याच्याच अंगावर. मी ते उतरवून घेत होते, तेवढ्यात फोन थरथरला. शेजारच्या भाभी होत्या. "अम्मांकू चक्कर आई. डरो नको, शक्कर दी मैं. पन तुम जल्दी आओ."

घरी पोचले तेव्हा सासूबाई खाटेवर पडलेल्या, भाभी उशाशी वारा घालत बसलेल्या. स्वयंपाकघरात दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. दोन्ही तशीच भरलेली. ती बघून मला रडूच फुटलं, आणि त्यांचा रागही आला.

"उद्यापासून मी वर्गाला जाणार नाही," मी म्हटलं.

त्या पडल्यापडल्याच उसळल्या. "म्हंजे जन्मभर मला ऐकवशील, म्हातारीपायी शिक्षण सुटलं म्हणून. तसलं काय नको माझ्या नावावर."

"मग जेवत का नाही तुम्ही?"

"तू तिकडं उपाशी, अन् मी इथं एकटीच गिळू व्हय?"

मी त्याला हट्ट समजत होते. मी कुठंतरी उपाशी बसलेय हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळचाही डबा नेऊ लागले. सातला दोन तासांच्या मध्ये सुट्टी व्हायची. विभागामागच्या पायरीवर मी डबा उघडायचे आणि पडेगावला फोन लावायचे. डबा त्यांनीच भरलेला असायचा, तरी भाजी काय आहे ते विचारायच्या. मी घास घेतल्याचं ऐकल्याशिवाय त्यांचा हात हलायचा नाही. वर्गातली पोरं म्हणायची, "मॅडमची ऑनलाइन पंगत बसली." एकदा सर शेजारून जाताना मी फोनवर म्हणत होते, "भात थोडाच घ्या." त्या दिवसापासून पुढचा तास जरा उशिरा सुरू व्हायला लागला. सर त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. तेव्हा मी साऱ्या जगावर वैतागलेली असायचे, पण सरांचे उपकार मात्र वाटायचे.

असं अभ्यासक्रम संपेपर्यंत चाललं. शुगर ताब्यात आली, पदवी मिळाली, आणि कारखान्यात हवी ती जागाही मिळाली. पण डिस्पॅच सांभाळणाऱ्यानं शेवटची गाडी सुटेपर्यंत थांबायचं असतं. त्यात अमावास्येला ड्रायव्हर गाडी काढत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी सगळा माल एकदमच अंगावर येतो. सात वाजता तिथं बोलायलाही फुरसत नसते. सुरुवातीला मी गाड्यांच्या मध्ये उभ्या उभ्या फोन करायचे. सासूबाईंना मागचे हॉर्न ऐकू जायचे.

"राहू दे," एक दिवस त्या म्हणाल्या. "तुझं ध्यान तिकडं हाय. तू काम कर. मी जेवत जाईन येळेवर."

आणि खरंच जेवू लागल्या. भाभीही सांगतात, अम्मा सातच्या ठोक्याला ताट घेऊन बसतात. डॉक्टर लई खूश आहेत. मी घरी येते तेव्हा त्या झोपलेल्या असतात आणि माझं ताट झाकलेलं असतं. मला फार एकटं वाटतं. माझ्यासाठी थांबा, असं त्यांना सांगावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? कधीकधी मी मुद्दाम एखादं भांडं जरा जोरात ठेवते. त्यांना जाग येते का बघते. नाही आली, की गुमान जेवायला बसते.