जोडीदाराची खुर्ची

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. हे एक मात्र घड्याळाच्या काट्यांसकट आठवतं, कारण त्यात चूक माझी होती.

तेव्हा मी हेब्बाळ भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घर तीन पिढ्यांपासून बनशंकरीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. एका शुक्रवारी सकाळी जवळच्या स्टुडिओचा मॅनेजर घाम पुसत ठाण्यात आला. त्यांच्याकडे टीव्हीवरच्या एका हिंदी प्रश्नमंजूषेचं चित्रीकरण चालायचं. इथे आयटीत नोकरी करणारा नागपूरचा एक तरुण शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचला होता. प्रश्न विचारला गेला आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला. उत्तर पुढच्या भागात. प्रश्नापर्यंतचा हा भाग दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता, जाहिरात तीन दिवस चालू होती. आणि आदल्या संध्याकाळी स्टुडिओत एका बाईचा फोन आला होता, "वो एपिसोड दिखाया तो स्टुडिओ जला देंगे."

डायरीत नोंद केली, नंबर शोधायला दिला. तो सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटच्या वॉचमनचा निघाला. स्पर्धकही तिथेच राहत होता. मी वॉचमनला फोन लावला, तर तो एका दमात बोलून मोकळा झाला, "सर, बी ब्लॉकच्या अक्कानं 'स्वल्प फोन कोडी', जरा फोन द्या, म्हणून मागितला, मी दिला. मला काय ठाऊक?"

ही अक्का म्हणजे स्पर्धकाची थोरली बहीण. भाऊ, बहीण आणि तिची सात वर्षांची मुलगी एकत्र राहत. कार्यक्रमात प्रत्येक स्पर्धकाचा एक जोडीदार समोरच्या खुर्चीत बसतो. याची जोडीदार तीच होती.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा, असा नियम आहे. पण हेब्बाळहून सर्जापूर रोड म्हणजे शहराचं दुसरं टोक, अर्धा दिवस गाडीत जाणार. मी आळस केला. भावाला फोन करून सांगितलं, बहिणीला घेऊन ठाण्यात या. दुपारी अडीचला दोघं माझ्यासमोर बसली. शेजारी महिला कॉन्स्टेबल होती.

"सख्ख्या भावाचं चांगलं होतंय, ते बघवत नाही का तुम्हाला?" मी सुरुवातच अशी केली.

"ताई, तू फोन केलास? अगं, का?" भाऊ रडकुंडीला आला होता.

ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. गुन्हा दाखल करीन, भावाची नोकरी जाईल, असा सगळा नेहमीचा दम मी भरला. शेवटी मॅनेजरने दिलेलं चित्रीकरण लॅपटॉपवर लावलं.

शेवटचा प्रश्न आला. घरटं न बांधता झाडाच्या उघड्या फांदीवर अंडं घालणारा पांढरा समुद्रपक्षी कोणता? भाऊ विचारात पडला. सूत्रसंचालकाने ताण हलका करायला जोडीदाराकडे तोंड वळवलं आणि कुठे राहता म्हणून विचारलं. ती हसत, आनंदाच्या भरात, अपार्टमेंटचं नावसुद्धा सांगून गेली. तेवढ्यात माझ्यासमोर बसलेल्या बाईने हात पुढे करून पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तळवा ठेवला.

"एवढंच झाकायचं होतं मला, साहेब," ती म्हणाली. "मुलीचा बाप हे बघेल."

तिने ओढणी बाजूला केली. मानेपासून खांद्यापर्यंत भाजल्याचा व्रण होता. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन ती नागपूरहून निघून आली होती. पुढच्या वेळी पोरीवर ओतीन, असं तो म्हणाला होता.

"स्टुडिओला आधी सांगायचं होतं."

"तीनदा सांगितलं. म्हणाले, करारावर सही आहे तुमची. जाहिरातीतही माझं ते पत्त्याचं वाक्य आहे, साहेब. साडेतीनला मुलीची शाळेची बस येते, आणि मी इथे बसलेय तुमच्यासमोर."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फोन उचलला. तिथल्या ठाण्याला कळवलं; गस्तीची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. वॉचमनला फोन लावला.

"हो, सर," तो खुशीत होता. "अक्कांच्या छोटीचे पप्पा आलेत ना! गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स आहे, फोटो नि फ्लॅट नंबरसकट, तो बघून बरोबर आले. माझ्या केबिनमध्ये चहा घेतायत. बस येईपर्यंत थांबतो म्हणाले."

फोन कानाशीच ठेवून, आवाज शक्य तितका साधा ठेवत मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं, "त्याला आणखी एक चहा दे. गेट लावून घे. फोन बंद करू नकोस."

बसच्या ड्रायव्हरचा नंबर तिच्याकडे होता. घाईत तिच्याकडून दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं. मी फोन काढून घेतला आणि ड्रायव्हरला बजावलं, गेटवर थांबू नकोस, सरळ पुढच्या पोलीस चौकीत जा.

मग वॉचमनशी चालू असलेला माझा फोन टेबलावर स्पीकरवर ठेवला. बसचा हॉर्न लांबून ऐकू आला, मग अगदी जवळून.

"बस थांबली नाही, सर," वॉचमन कुजबुजला. "तो उठला. गेटवरून उडी मारली त्याने. बसच्या मागे पळतोय."

फोन तुटला.  ती कॉन्स्टेबलचा हात धरून बसली होती आणि मी देवाचं नाव घेत होतो. इतकी वर्षं खाकीत काढली, पण अशी भीती कधी वाटली नव्हती. अकरा मिनिटांनी निरोप आला. बस चौकीत पोहोचली होती, आणि तो कोपऱ्यावर गस्तीच्या हाती लागला होता. त्याच्या पिशवीत नवी बाहुली होती आणि तिच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली ॲसिडची बाटली.

त्याला अटक झाली, पण जामीन आज ना उद्या होणारच होता. त्यांना पुन्हा घर बदलावं लागणार होतं, पण चेहरा बदलता येणार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशीचा भाग तो घराघरात दाखवणार होता. मॅनेजर फोनवर म्हणाला, स्पर्धकाने लेखी माघार घेतली तरच तो भाग रद्द होईल. भावाने माझ्याच टेबलावर कागद मागितला आणि चार ओळी लिहून सही केली.

"उत्तर येत होतं?" मला राहवेना.

"येत होतं," तो म्हणाला. "पांढरा सुरय."

धमकीचं प्रकरण मी समज देऊन मिटवलं. तिला त्या दिवशी मी नाही नाही ते प्रश्न विचारले. तुम्हाला कुणाची भीती वाटते, एवढं एक विचारलं नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत बाईचा जबाब घ्यायला मी तिच्या घरी गेलो, आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

आजही असला कार्यक्रम लागला की बायको उत्तरं द्यायला सरसावून बसते. मी मात्र जोडीदाराच्या खुर्चीतल्या माणसाचा चेहरा बघत राहतो, आणि त्याला कुठे राहता म्हणून विचारलं की उठून टीव्ही बंद करतो.