संशयकाका आणि दुधातलं पाणी

आमच्या काकांना सगळे संशयकाका म्हणत, आणि हे नाव कोणी पाडलं असेल याचाही त्यांना संशय होता. कुलूप लावलं की ओढून बघत, ओढलं की परत येऊन बघत. गोठ्यात मात्र माणूस निराळा. गाईच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. "जनावर खोटं बोलत नाही," ते म्हणत. उरलेल्या जगाबद्दलचं मत त्यातच आलं.

म्हणून दूध आपोआप तपासणारं यंत्र निघालं तेव्हा काकांना देव भेटल्यासारखं झालं. गोठ्यात धारा काढायची यंत्रं आधीपासून होती. आता प्रत्येक गाईच्या नळीवर एक डबी बसली. धार चालू असतानाच ती फॅट, प्रथिनं, सगळं मोजायची. सगळ्यांचं दूध पाइपातून ज्या टाकीत जमायचं, तिच्या तोंडाशी शेवटची मोठी डबी. आकडे थेट काकांच्या मोबाइलवर.

"आता माणसाची गरजच नाही," काका खुशीत म्हणाले.

"मग मी उद्यापासून येऊ नको?" मेव्हण्यानं विचारलं. हा काकूंचा धाकटा भाऊ. गाईंना यंत्र लावायचं-काढायचं काम त्याचं.

"तू ये. नाहीतर लक्ष कोणावर ठेवायचं?"

काही दिवस काका जेवताना फॅटचे आकडे वाचून दाखवत. मग एका सकाळी मोबाइल किंचाळला. टाकीतल्या दुधात पाणी!

काकांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. जन्मभर वाट पाहिलेला पाहुणा एकदाचा दारात उभा राहावा, तसा आनंद होता.

"म्हणत नव्हतो मी? कुठंतरी पाणी मुरतंय!"

पहिला नंबर मेव्हण्याचा. त्याला चारा कापायला धाडलं. पाणी येतच राहिलं. मग काकूंची पाळी.

"चहाला टाकीतून दूध घेतेस, आणि वर पाणी ओततेस काय?"

"हो. माहेरून हंडे भरून आणते," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून काकांच्या कपात बिनदुधाचा चहा येऊ लागला.

काका स्टूल टाकून टाकीपाशी बसले. तरी मोबाइल किंचाळला. माणसं संपली, तेव्हा त्यांची नजर तांबड्या गाईवर गेली. "ही फार पाणी पिते," ते पुटपुटले, आणि तिच्यासमोरची बादली उचलून ठेवली.

इथं मात्र काकूंचा संयम सुटला. त्यांनी बादली परत ठेवली आणि यंत्र बसवणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं.

बाईंनी सगळे आकडे पाहिले. "प्रत्येक गाईचं दूध चोख आहे. पाणी गाई आणि टाकीच्या मधे शिरतंय. मधे काय आहे?"

"पाइप."

"पाइप कोण धुतं?"

मेव्हणा काकूंकडे बघायला लागला, काकू छताकडे. पाइप काका धुवायचे. दुसऱ्या कोणावर त्यांचा विश्वासच नव्हता.

"धुण्याआधी पाइप टाकीतून बाहेर काढता ना?"

"काढतो की. फक्त हल्ली त्याआधी थोडं पाणी सोडतो. आत दूध चिकटून राहतं, ते वाया का घालवायचं?"

"म्हणजे पाणी तुम्हीच घालता."

"घालत नाही हो," काका दुखावल्या सुरात म्हणाले, "दूध पुढं ढकलतो."

मेव्हणा असा हसला की गाई बिचकल्या. काका गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. जेवायची वेळ झाली तरी येईनात, तेव्हा काकू बघायला गेल्या. काका तांबडीची मान खाजवत उभे होते.

"चला, पानं वाढलीत."

"जरा थांब. हिची माफी मागतोय."

"आणि माझी?"

काकांनी क्षणभर विचार केला. "तुझीपण. पण हिनं काही ऐकवलं नव्हतं, म्हणून आधी हिची."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. तसं हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

पाइप आता मेव्हणा धुतो. काका बाजूला उभे राहतात, हात मागं बांधून, तोंडातून शब्द न काढता. त्यांना किती कष्ट पडतात ते मानेच्या शिरांवरून कळतं.