जिंकलेली भिंत

घाटंजीच्या मधुसूदनरावांनी बांधकाम खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांची अंदाजपत्रकं तपासली. खोट काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. निवृत्तीनंतर मात्र नगरपरिषदेची नोटीस त्यांच्याच दारात आली. बाजारातली त्यांची दुमजली दुकानाची इमारत धोकादायक झाली होती, आणि ती पावसाळ्याआधी पाडायची होती. कापसाचा भाव कोसळल्यापासून खालचं कापडाचं दुकान तसंही बंदच होतं.

"पाडायला काय अक्कल लागते?" असं बायकोला ऐकवून त्यांनी ठेकेदार बोलावले.

पहिल्यानं सागवानी तुळयांवर मायेनं हात फिरवला, चहा प्यायला आणि गेला तो गेलाच. दुसऱ्याला सागवान हवं होतं, लोखंड हवं होतं. मलबा तेवढा "तुमचा तुम्ही पाहा." मधुसूदनरावांचं डोकं फिरलं. हे पाडकाम की लुटालूट!

तिसरा दारव्ह्याचा देवसिंग. त्यानं चहा बाजूला ठेवला, डावीकडची भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, पाडाच्या आंधी बांधा लागते."

"काय बांधा लागते?"

"भिंत. शेजाऱ्याच्या छपराचे सारे आडे, आडवी लाकडं, तुमच्या भिंतीत खोसले हायेत. हे पाडली का त्याचं घर बसलं. लेकरं झोपतात तेथी."

शेजारी म्हणजे धावजी, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. मधुसूदनरावांच्या कपाळाची शीर उठली. याच भिंतीपायी दोघं अकरा वर्षं कोर्टात भांडले होते. भिंत पूर्णपणे मधुसूदनरावांची ठरली, तेव्हा त्यांनी बाजारभर पेढे वाटले, आणि एक पुडा मुद्दाम धावजीकडेही धाडला. आता तीच भिंत अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर येऊन बसली होती. सागवान आणि लोखंडाचे येतील ते सगळे पैसे तिच्यातच जाणार होते.

ते तडक धावजीच्या दुकानात शिरले. "नव्या भिंतीचा अर्धा खर्च तुझा."

धावजी पंपाचा वायसर बदलत होता. मान वर न करता म्हणाला, "कायले? भिंत तुमची हाये. कोर्टानं सांगतलं."

"तुझे आडे आहेत तिच्यात!"

"भिंत तुमची, तं तिच्यातले भोकं बी तुमचेच."

"मग घे ती भिंत! फुकट घे! लिहून देतो!" मधुसूदनरावांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

आता धावजीनं वायसर खाली ठेवला. "भाऊसाहेब, मले भिंत कवाच नोको होती. तुमी आडे काढाची नोटीस धाडली, म्हून मी कोर्टात गेलतो. आडे राहू द्या, येवढंच मागत होतो. अकरा वर्षं तेच सांगून राह्यलो."

लोकांच्या चुका शोधण्यात जन्म गेला, आणि शेजारी काय मागतो आहे हे त्यांनी एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच संताप आला.

बाहेर देवसिंग ताटकळत उभा होता. "साहेब, भिंतीचं काय करू?"

"आधी नवी बांध. तिच्यात आड्यांसाठी जागा ठेव. मग जुनी पाड."

"अन् खर्च कोनाचा धरू?"

"माझा!" मधुसूदनराव खेकसले. "भिंत माझी आहे ना? कोर्टानं सांगितलंय."